पाच सेकंदांचे कारण

संकेतस्थळ घडविणारा विद्यार्थी ते प्रथम स्वतःच्याच संगणकावर चालवून पाहतो. त्यासाठी तो 'शाळा.लोकल' असे एखादे नाव योजतो. मॅक संगणकावर पुष्कळदा असा अनुभव येतो, की पान उघडण्यास दर वेळी सुमारे पाच सेकंद लागतात. घराण्यात प्रथमच या विद्येकडे वळलेले आपले मूल अशा वेळी चटकन म्हणते, "माझेच चुकले असेल, आपल्याला हे जमायचे नाही." तपासाआधीच दिलेला हा निकाल आपण मान्य करता कामा नये.

संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. नावे माणसांच्या सोयीसाठी असतात. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याच्या काळात सर्व संगणकांची नावे व अंक यांची एकच यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळी. जाळे वाढले, यादी अपुरी पडली आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही विभागलेली व्यवस्था मांडली. त्या जुन्या यादीचा वारसा म्हणजे प्रत्येक संगणकातील 'होस्ट्स' ही फाइल.

आता विलंबाकडे वळू. पहिला प्रश्न असा : वेळ नेमका कोठे खर्च होतो? 'कर्ल' हे साधन नाव शोधण्यास लागलेला वेळ स्वतंत्रपणे मोजून देते. पाचही सेकंद तेथेच गेले असतील, तर विद्यार्थ्याची आज्ञावली निर्दोष ठरते.

दुसरा प्रश्न : तेथेच का? 'लोकल' हा प्रत्यय जवळच्या जाळ्यातील छपाईयंत्रासारख्या उपकरणांनी परस्परांना हाक मारून शोधावे, यासाठी राखलेला आहे. २०१३ च्या मानकात तशी नोंद आहे. पत्ते दोन प्रकारचे असतात : जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६. होस्ट्स फाइलीत बहुधा १२७.०.०.१ हा जुना पत्ताच लिहिलेला असतो. म्हणून नव्या पत्त्यासाठी संगणक जाळ्यात हाक मारतो. उत्तर देणारे कोणी नसते आणि मुदत संपेपर्यंत तो थांबून राहतो.

उपाय दोन. त्याच नावासमोर ::१ हा नवा पत्ता लिहिलेली आणखी एक ओळ होस्ट्समध्ये घालावी. अथवा, अधिक चांगले म्हणजे, १९९९ पासून चाचणीसाठीच राखलेला 'टेस्ट' हा प्रत्यय वापरावा. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले आणि प्रत्येक घटनेला कारण असते हा विचार ठामपणे मांडला. नशीब, कुवत, जात यांच्यावर दोष ढकलणे सोपे असते. कारण शोधणे कष्टाचे असते. वर्गखोलीतील पाच सेकंदांचा छडा लावणारे मूल उद्या समाजातील विलंबाचेही कारण विचारील. तो प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याला देणे, हेच आपल्या शाळेचे काम आहे.