डिलिव्हरीसाठी ई-बाईक घेताय? आधी हा हिशोब करा

व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात, म्हणून इथे लिहून देतोय.

उस्मानपुऱ्यातून वाळूजला माल पोचवायचा तर जाऊन-येऊन पंचवीस-तीस किलोमीटर धरा. दिवसात दोन फेऱ्या, म्हणजे साठ. शोरूमवाला म्हणेल, "एका चार्जमध्ये शंभर!" तुम्ही बॅटरीवरचे दोन आकडे वाचा, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. ६० × ३० म्हणजे १८०० वॅट-अवर, म्हणजेच १.८ युनिट. किलोमीटरला ३० वॅट-अवर धरले तर जेमतेम ६० किलोमीटर. मागे माल लादला, बॅटरी जुनी झाली, की त्याहून कमी.

आता मोठा खड्डा. लायसन्स नको, पासिंग नको, ही सूट कुठल्याही ई-बाईकला नाही. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. "वायर काढून पन्नासला पळवून देतो" म्हणणारे भेटतातच. तसं केलं की कायद्याने ती मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही. पोराकडून कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या गल्ल्यातून जाणार.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच. जिन्याखाली चार्जिंग अजिबात नको. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद.

आणि बिलावर मोटरचे वॅट, बॅटरीचा नंबर लिहून घ्या.