साखळी सामन्यांचे गणित

बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. साखळी पद्धतीत मात्र हरलेल्यालाही पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते. चार संघांच्या गटात सहा सामने होतात. विजयास ३ गुण, बरोबरीस १. एकाचा निकाल इतरांच्या भवितव्याशी जोडलेला असतो, म्हणूनच ‘साखळी’ हा शब्द सार्थ होय.

२०२२ ची महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली. १२ संघांचे तीन गट होते. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे दोन सरस संघ पुढे जाणार होते. २० जानेवारीस भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. या स्पर्धेत प्रथमच उतरलेल्या इराणचा तो पहिला गुण. तीन दिवसांनी कोरोनाच्या संसर्गामुळे भारतास चिनी तैपेईविरुद्ध आवश्यक ते १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. नियमानुसार भारताची माघार मानली गेली. झालेला सामनाही रद्द ठरला. इराणने कमावलेला गुण पुसला गेला!

त्या गटात आता तीनच संघ उरले. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. थायलंडचा इंडोनेशियावरील ४-० विजयही त्यात धरला नाही. थायलंड, व्हिएतनाम, इराण या तिघांचेही गुण शून्य. गोलफरकावर पहिले दोघे पुढे गेले.

समान तुलनेसाठी असा नियम हवाच. परंतु आजारी पडलेल्या खेळाडूंचा दोष कोणता आणि इराणचा कोणता, याचे उत्तर गुणतक्त्यात सापडत नाही.