खग्रास बघायला जायचंय? चंद्रपूर-गडचिरोलीकरांसाठी खर्चाचा अंदाज

11 ऑगस्ट 1999 ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विदर्भावरून गेला होता. खर्च शून्य, पण भर पावसाळा. कच्छपासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत बहुतेकांच्या वाट्याला ढगच आले. आता खग्रास बघायचं तर घर सोडावं लागेल. सोयीच्या तारखा दोन: 2 ऑगस्ट 2027 आणि 20 मार्च 2034.

पहिली इजिप्तमधल्या लक्सरची. तिथे खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल आणि ऑगस्टमध्ये आकाश जवळजवळ हमखास निरभ्र असतं. पारा चाळिशीपार असतो, पण चंद्रपूरकराला त्याचं काय! माणशी दीड ते अडीच लाख धरून चला. मुंबई-कैरो जाण्यायेण्याचं विमान एरवी 40 ते 60 हजारांत बसतं. फुगतो तो हॉटेलचा आकडा. टूर घेणार असाल तर जीएसटी आणि टीसीएस दरात धरलेत का, हे लेखी विचारा. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करता येतो, जीएसटी गेला तो गेला. 36 पानी साध्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळला वर 2000. सिरोंचावाल्यांनी नागपूरऐवजी हैदराबादहून विमान बघावं, ते जवळ पडतं.

दुसरं ग्रहण कारगिलच्या बाजूला. पासपोर्ट नको, व्हिसा नको. नागपूर-दिल्ली-लेह विमान, पुढे सव्वादोनशे किलोमीटर रस्ता. आजच्या दराने माणशी 40 ते 60 हजार. मार्चमध्ये जोजिला बर्फाने बंद असू शकतो, म्हणून श्रीनगरमार्गे स्वस्तात जाण्याचा बेत आखू नका. शिवाय ग्रहण दुपार उतरल्यावरचं. पश्चिमेला डोंगर आडवा असेल तर सगळे पैसे पाण्यात, त्यामुळे मुक्कामाआधी जागा नक्की करा.

काटकसर करायचीच तर दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर करा. पट्ट्याबाहेरचं स्वस्त हॉटेल मात्र घेऊ नका: 99 टक्के ग्रहणातही प्रभामंडल दिसत नाही. गाडी दिवसभरासाठी ठरवा, ढग आले तर जागा बदलता येते. आयएसओ 12312-2 प्रमाणित चष्मा शंभर-दीडशेत मिळतो. एक्स-रेची फिल्म आणि काजळी धरलेली काच घरीच राहू द्या. आगाऊ रक्कम भरण्याआधी रद्द केल्यास किती परत मिळेल ते वाचा. ढगांमुळे ग्रहण हुकलं तर कुणीच पैसे परत देत नाही.