चित्रपट मध्येंच कां थांबतो?

विंडोजच्या संगणकावर पूर्ण पडदाभर चित्रपट चालला असतां एकाएकीं खालची पट्टी वर येते, चित्र आकसतें किंवा दडून जातें. यंत्रच बिघडलें असें समजून कित्येक पालक तें दुकानांत नेतात. तेथें हार्ड डिस्क पुसली जाते आणि घरचीं छायाचित्रें कायमचीं जातात! वास्तविक बहुधा पडद्याआड चालणारा एखादा प्रोग्रॅम क्षणभर आपली खिडकी उघडून पुढची जागा पटकावीत असतो. सन २०१७ मध्यें मायक्रोसॉफ्ट ऑफिसचें एक नियोजित काम असेंच तासातासाला काळी खिडकी दाखवी. पुढें कंपनीनें तें सुधारलें.

म्हणून प्रथम घड्याळ पाहावें. व्यत्ययाची वेळ टिपून ती टास्क शेड्यूलरमधील ‘लास्ट रन टाइम’ या रकान्याशीं ताडावी. वेळ जुळली कीं चोर सांपडला. तें काम तेथेंच बंद करतां येतें.

न जुळल्यास ‘एमएसकॉन्फिग’ उघडावें, मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवाव्या व उरलेल्या सर्व बंद करून यंत्र पुन्हां सुरू करावें. व्यत्यय थांबला, तर त्यांपैकीं अर्ध्या सेवा चालू कराव्या. तो परतल्यास दोषी या अर्ध्यांत, नाहीं तर दुसऱ्या अर्ध्यांत. असें निम्मेनिम्मे करीत गेल्यास १६ सेवांतून ४ फेऱ्यांत एकच उरते. मात्र व्यत्यय तासाला येत असेल, तर प्रत्येक फेरीस तासाहून अधिक वेळ द्यावा. आमचे विद्यार्थी येथेंच उतावीळ होतात! ‘डू नॉट डिस्टर्ब’नें सूचना तेवढ्या थांबतात, असली खिडकी थांबत नाहीं.

शोध संपतांच बाकीच्या सेवा पूर्ववत् चालू कराव्या. त्यांत विषाणुरोधक प्रोग्रॅमही असूं शकतो.