स्पीच थेरपिस्टकडे मूल पाठवण्याआधी एवढं पाहा



काही वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. 'साखर'ला 'आखर' म्हणायचा, 'शाळा'ला 'आळा'. मीच त्याच्या आईला म्हटलं, "ताई, जवळ एक स्पीच थेरपीचं सेंटर आहे, तिथे घाला." आठ महिने आठवड्यातून दोनदा ती माउली त्याला घेऊन जायची. फरक शून्य! शेवटी दुसरीकडे श्रवण तपासणी झाली, तेव्हा कळलं की त्याला बारीक, उंच आवाज नीट ऐकूच येत नव्हते. आधीच्या ठिकाणी कानाची तपासणी कोणी सुचवलीच नव्हती. तिथे उपचार करणाऱ्यांची नोंदणी आहे का, हे ना मी विचारलं होतं, ना पालकांनी.

त्या आठ महिन्यांची बोच मला आजही आहे. म्हणून हा लेख.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, 1992 हा कायदा आहे. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट हे या कायद्यानुसार 'पुनर्वसन व्यावसायिक' ठरतात. मान्यताप्राप्त शिक्षण पूर्ण केलं, की परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. त्यासाठीची मूळ पदवी म्हणजे बीएएसएलपी, त्यापुढे एमएएसएलपी. मुंबईत वांद्र्याला असलेल्या अलि यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळतं.

कलम 13 नीट लक्षात ठेवा. नोंदवहीत नाव नसेल तर भारतात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही. कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खाजगी क्लिनिक घरातल्या एका खोलीत असलं, तरी नियम तोच. आणि नोंदणी एकदा केली की संपलं असं नाही. ठराविक काळाने नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी नवं शिकतही राहावं लागतं.

चांगला तज्ज्ञ काय करतो?

नोंदणी ही पहिली पायरी झाली. खरी जबाबदारी त्यापुढे सुरू होते.

1. आधी मुलाची पूर्ण माहिती घेतो, तपासणी करतो. ऐकण्याची शंका असेल तर श्रवण तपासणी करून घेतो, गरजेप्रमाणे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतो.
2. उपचारांचं उद्दिष्ट लिहून देतो, मधूनमधून प्रगती तपासतो. प्रगती नसेल तर तसं स्पष्ट सांगतो.
3. "तीन महिन्यांत नक्की बोलेल" अशी हमी देत नाही.
4. पालकांच्या परवानगीशिवाय मुलाचा व्हिडिओ काढत नाही, अहवाल कोणाला देत नाही. अगदी शाळेलाही नाही!
5. फी आधी सांगतो, पावती देतो.
6. घरी काय करायचं ते पालकांना शिकवतो.

आपण काय करायचं?

पालकहो, पहिल्याच भेटीत विचारा, "आपला आरसीआय नोंदणी क्रमांक काय?" यात संकोच कसला? खरा तज्ज्ञ रागावणार नाही, उलट प्रमाणपत्र दाखवेल. सगळे अहवाल एका फाइलमध्ये जपून ठेवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. पुढे सवलतीसाठी अर्ज करायची वेळ आली, तर हीच फाइल उपयोगी पडते.

आणि शिक्षक मित्रहो, आपण निदान करायचं नाही. "हा तोतरा आहे" असा शिक्काही मारायचा नाही. वर्गात काय ऐकलं, काय पाहिलं, ते तारखेसह लिहून पालकांना द्यायचं. एखादं नाव सुचवायचं असेल, तर आधी स्वतः नोंदणीची खात्री करून घ्यायची.

तो मुलगा पुढे श्रवणयंत्र लावून वर्गात पहिल्या बाकावर बसू लागला. एके दिवशी त्याने मला हाक मारली, "सर!" त्यातला 'स' मला स्पष्ट ऐकू आला. आठ महिने आधीही आला असता.