दोन सायकली

पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. कांदा, टोमॅटो व द्राक्षे यांच्या व्यापारासाठी ते प्रसिद्ध आहे. येथून महामार्गाने नाशिककडे सुमारे १० किलोमीटर गेले, की ओझर लागते. तेथे १९६४ साली विमानांचा कारखाना सुरू झाला. पिंपळगावाहून ओझरला रोज कामाला जाणाऱ्याने साधी सायकल घ्यावी, की विजेवर चालणारी?

मागचे चाक साखळीने फिरणारी, आजच्या घडणीची सायकल इंग्लंडातील जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली तयार केली. साखळीत पायांची शक्ती फारच थोडी वाया जाते. या सायकलीला इंधन लागत नाही; शिवाय स्वाराचे हृदय व फुफ्फुसे बळकट होतात. परंतु सामान्य माणूस बराच वेळ सुमारे ७५ वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. चढ लागला, समोरून वारा सुटला किंवा मागे जड ओझे असले, की हे बळ अपुरे पडते.

येथे मोटर मदतीला येते. ही कल्पना नवी नव्हे. १८९५ सालीच ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन संशोधकाने मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट मिळविले होते. पण त्या काळच्या बॅटऱ्या फार जड असत. १९९१ साली हलकी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि या कल्पनेला बळ मिळाले. त्या बॅटरीच्या शोधाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तथापि मोटरीलाही मर्यादा आहेत. बॅटरी भरण्यास काही तास लागतात. ती वाटेत संपली, तर जड सायकल पायांनीच रेटावी लागते. काही वर्षांनी बॅटरी निकामी होते. ती उकिरड्यावर टाकणे धोक्याचे असते.

ताशी १५ किलोमीटर वेगाने साधी सायकल ओझरला ४० मिनिटांत पोहोचते. ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विजेच्या सायकलीला २५ मिनिटे पुरतात. धडधाकट तरुणाने या १५ मिनिटांसाठी रोजचा व्यायाम का गमवावा? परंतु ज्याचे गुडघे थकले आहेत किंवा ज्याला ओझे न्यावयाचे आहे, त्याला तीच मोटर स्वावलंबन देते. जेथे बळ अपुरे पडते तेथे यंत्राचे साहाय्य घ्यावे. जेथे श्रमाने शरीर घडते तेथे श्रमच करावे.

स्वाध्याय

१. साध्या सायकलीचे दोन फायदे सांगा.
२. १८९५ सालची कल्पना लवकर व्यवहारात का आली नाही?
३. तुमच्या घरातील कोणास कोणती सायकल योग्य ठरेल? कारणे लिहा.