लेस्टरची नवी धुराडी

इंग्लंडच्या मध्यभागी, सोअर नदीच्या काठी, लेस्टर नावाचे एक जुने शहर वसलेले आहे. मोजे, विणलेले कपडे व पादत्राणे यांच्या कारखान्यांसाठी ते एके काळी दूरवर प्रसिद्ध होते. तांबड्या विटांचे कारखाने, त्यांची उंच धुराडी आणि त्यांच्या आसपास कामगारांच्या घरांच्या एकाला एक लागून उभ्या असलेल्या ओळी, असे तेथील रस्त्यांचे रूप होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. शहरातील तंत्रशिक्षणसंस्था मात्र वाढत गेली आणि १९९२ साली तिचे डी माँटफर्ट विद्यापीठ झाले.

या संस्थेला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी नवी इमारत हवी होती. अशी इमारत बांधण्याची त्या काळी एक ठराविक रीत होती. एक भली रुंद पेटी उभारावयाची, तिच्या खिडक्या कायमच्या बंद ठेवावयाच्या आणि आतील हवा यंत्रांच्या साहाय्याने खेळती व थंड ठेवावयाची. यंत्रांना अहोरात्र वीज लागे, आणि त्या वेळी इंग्लंडातील बरीचशी वीज कोळसा जाळूनच तयार होत असे. अ‍ॅलन शॉर्ट व ब्रायन फोर्ड हे वास्तुशिल्पी आणि मॅक्स फोर्डम हे अभियंते यांनी ही रीत सोडून देण्याचे ठरविले.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडसारख्या थंड देशात हवा थंड करण्याची गरजच काय? परंतु स्वस्थ बसलेला मनुष्यदेखील सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकीत असतो. व्याख्यानगृहात दीडशे विद्यार्थी बसले, की जणू दीडशे दिवे एकदम पेटले! प्रयोगशाळेतील यंत्रांची उष्णता तर निराळीच.

मौज अशी, की ही उष्णता बाहेर घालविण्याचे काम त्यांनी उष्णतेकडेच सोपविले. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून व्याख्यानगृहांवर विटांची उंच धुराडी बांधली. बाहेरची ताजी हवा बाकांच्या खालून आत येते, माणसांच्या उबेने तापते आणि धुराड्यांतून निघून जाते. तिची जागा घेण्यास खालून नवी हवा येते. हिवाळ्यात आत येणारी हवा तापविलेल्या नळ्यांवरून जाते. नाहीतर मुलांचे पाय गारठून जातील! आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघरांच्या छपरातील धुराडे याच नियमाने धूर बाहेर टाकीत असे.

पण एवढा खर्च करावयाचा तो केवळ विश्वासावर कसा करावा? हवा उलटी फिरली तर? याची परीक्षा केंब्रिज विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मोठ्या युक्तीने केली. त्यांनी एक लहान पारदर्शक प्रतिकृती पाण्याच्या टाकीत उलटी बुडविली आणि तीत मिठाचे रंगीत पाणी सोडले. खारे पाणी जड असल्याने ते खाली उतरते. तेच दृश्य उलटे करून पाहिले, की ऊन हवा वर कशी चढेल, हे डोळ्यांना दिसते. अशी परीक्षा झाल्यावर बांधकाम झाले आणि १९९३ साली इमारत उघडली. ‘क्वीन्स बिल्डिंग’ हे तिचे नाव.

इमारतीचा एक भाग दोन अरुंद पाखांचा असून मध्ये चौक आहे. पाखे अरुंद असल्यामुळे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सहज निघून जातो. आपल्या वाड्यांची आठवण करून देणारी ही रचना मला धुराड्यांइतकीच शहाणपणाची वाटते.

यंत्रशाळेचा प्रश्न याहून अवघड होता. समोरच लोकांची घरे होती. हवेसाठी खिडक्या उघडल्या, तर यंत्रांचा खडखडाट थेट त्यांच्या घरात जाणार! तेव्हा भिंतींना विटांचे पोकळ आधारस्तंभ बांधले व ते आतून आवाज शोषून घेणाऱ्या द्रव्याने मढविले. त्यांतून वारा आत येतो, परंतु आवाज बाहेर पडेपर्यंत मंदावतो.

उन्हाळ्यात इमारत रात्रीही स्वस्थ नसते. विद्यार्थी घरी गेले, की वरची झडपे उघडून गार हवा आत घेतली जाते. विटांच्या जाड भिंती रात्रभर निवतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग भरले, की दुपारपर्यंत मुलांची उष्णता मुकाट्याने पोटात घेत राहतात.